झोपव म्हणणारी, बंद कर म्हणणारा

जुना लॅपटॉप आहे मी. मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो. खरं सांगायचं तर माणसांशी मैत्री करावी असं मला आता वाटत नाही, आणि तुम्ही लहान आहात म्हणून काही वेगळे निघाल अशी आशाही नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर, एका विटक्या चादरीखाली मी पडून असतो. माझी बॅटरी काढून बाजूला ठेवली आहे आणि माझ्या कळांच्या फटींत कुंकू अडकलं आहे. हे कसं झालं ते ऐका, म्हणजे माझा राग उगाच नाही हे तुम्हाला पटेल.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखेच कितीतरी भाऊ माझ्या मागेपुढे पट्ट्यावरून सरकत होते. कुणी आमच्यात स्क्रू बसवले, कुणी पडदा जोडला, कुणी शेवटी फडक्यानं पुसून खोक्यात घातलं. माझा पहिला मालक मुंबईचा एक साहेब होता. त्याच्यासाठी मी जिवाचं रान केलं. पण बाजारात नवं मॉडेल आलं, तसा मी त्याच्या डोळ्यांत सलायला लागलो. त्यानं मला काढून टाकलं आणि मी नाशिकला महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात, जुन्या मालाच्या कपाटात येऊन बसलो. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. दुकानदारानं माझ्या झाकणावरचे ओरखडे पॉलिश मारून झाकले. बॅटरीला मात्र त्याला काही करता आलं नाही. ती पार थकली होती. पूर्ण भरली तरी घटकाभरात तिचा जीव जायचा.

तिथून मला भारतनं घरी आणलं. भारत ओझरच्या रस्त्याला एका कारखान्यात लोखंड कातायच्या लेथ मशीनवर कामाला होता. पंचवटीत, आडगाव नाक्याच्या आतल्या अंगाला त्याच्या दोन खोल्या होत्या. घरात तो, त्याची आई तानुबाई आणि बायको सुवर्णा. सुवर्णा येवल्याची, पैठणी विणणाऱ्यांच्या घरातली. तिचा धाकटा भाऊ केरू अजूनही येवल्यात माग चालवत होता. सुवर्णानं कॉलनीतल्या क्लासला जाऊन संगणक शिकून घेतला होता आणि केरूच्या मागासाठी काठांच्या नक्ष्या काढायची तिला हौस होती. म्हणून भारतनं मला तिच्यासाठी आणलं. आणताना अगदी कौतुकानं आणलं होतं, हे मी कबूल करतो. रिक्षात त्यानं मला मांडीवर घेतलं होतं.

कौतुक पहिल्या आठवड्यातच आटोपलं. झालं असं, की सुवर्णा काम थांबवायची तेव्हा माझं झाकण मिटायची. झाकण मिटलं की मी झोपतो. सगळं काम डोक्यात तसंच धरून पडून राहतो, आणि झाकण उघडलं की जिथल्या तिथं पुढं करतो. झोपेतही मला थोडी बॅटरी लागते, पण ते तिच्या गावीही नव्हतं. भारतनं पहिल्याच रात्री ते पाहिलं.

"अगं, ते बंद कर ना. दिवा लुकलुकतोय अजून."

"झोपवलंय त्याला," सुवर्णा म्हणाली.

"मशीनला झोप कसली? मशीन एक तर चालू असतं नाहीतर बंद. आमच्याकडं पाळी सुटली की मेन स्विच खाली. तसंच ठेवून गेलं तर सुपरवायझर उभा सोलेल."

"आमच्याकडं मागावरून उठताना कुणी माग मोडून ठेवत नाही. अर्धं लुगडं तसंच राहतं. सकाळी बसायचं आणि पुढं विणायचं."

दोघंही आपापल्या जागी शहाणे होते, आणि म्हणूनच मला दोघांचा राग येतो. मूर्ख माणसाला समजावता तरी येतं. मी ना लेथ होतो ना माग. पण हे मला विचारायला कुणाला सवड होती? तिनं मला माग ठरवून टाकलं आणि त्यानं लेथ.

त्यात नाशिकला तेव्हा लोडशेडिंगचा धुमाकूळ होता. लाईट कधी सकाळी जायची, कधी दुपारी, आणि आली की आली म्हणायचं. लाईट गेली की माझी थकलेली बॅटरी भराभर उतरायची आणि मी दोन प्रश्न विचारायचो. बॅटरी कमी झाली तर काय करू, आणि अगदी संपत आली तर काय करू? या प्रश्नांची उत्तरं आधीच ठरवून ठेवायची सोय माझ्यात होती. सुवर्णानं दोन्ही ठिकाणी 'झोप' असं ठरवलं. भारतनं कारखान्यातून आल्यावर दोन्ही ठिकाणी 'बंद हो' असं केलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते फिरवलं. संध्याकाळी त्यानं पुन्हा फिरवलं. तोंडानं कुणी काही बोलत नव्हतं, पण माझ्यावर दोघांची टिचकी पडत होती. शेवटी असं झालं, की पहिल्या प्रश्नाला तिचं उत्तर राहिलं आणि दुसऱ्याला त्याचं. म्हणजे बॅटरी कमी झाली की मी झोपायचं, आणि झोपेतून धडपडत उठून मग बंद व्हायचं. असल्या घरात नोकरी करून बघा कधी.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती त्या घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. सुवर्णा आपलं काम कधीच जतन करायची नाही. नवी नक्षी काढायला घेतली की पहिल्या दिवशी तिला एक नाव द्यायची, आणि तेवढंच. क्लासमधल्या बाईंनी तिला एकदा टोकलंही होतं. तिनं ते मला झाकताना शेजारणीला हसत सांगितलं होतं. "नाव दिलंय की एकदा. पोराचं बारसं कुणी रोज करतं का?"

तरीही तिचं काम टिकायचं, कारण भारत. त्यानं मला बंद करायला घेतलं की मी विचारायचो, हे काम ठेवायचं आहे का? आणि भारत प्रत्येक वेळी 'हो' दाबायचा. मशीन बंद करण्याआधी त्यावरचा जॉब नीट काढून ठेवायचा, ही त्याची कारखान्यातली शिस्त. तिच्या सगळ्या नक्ष्या त्यानं अशा वाचवल्या होत्या. हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही, कारण त्याला वाटायचं की हे तिला माहीत असणारच. आणि तिला वाटायचं की नक्ष्या आपोआप राहतात, मागावरच्या लुगड्यासारख्या.

मधल्या काळात माझं थोडं कौतुकही झालं. केरू नाशिकला आला की माझ्यासमोर मांडी घालून बसायचा. "ताई, लय भारी काम हाय हे. कागदावर आठ दिस घालवले असते म्या," असं म्हणायचा. सुवर्णानं काढलेला नारळी काठ त्याच्या मागावर उतरला आणि गिऱ्हाईकाला आवडला, तेव्हा तानुबाईनं माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. एक मोहरी माझ्या पंख्यात गेली आणि मी महिनाभर खरखरत होतो. असो.

मग केरू एका उन्हाळ्यात कुसाबाईचं लुगडं घेऊन आला. कुसाबाई म्हणजे सुवर्णाची आणि केरूची आई. ती वारली त्याला बरीच वर्षं झाली होती. ते लुगडं तिनं स्वतः मागावर बसून विणलं होतं. आता ते इतकं जीर्ण झालं होतं की घडी उलगडताना रेशीम फाटायचं. पदरावर मुनिया होती, म्हणजे पैठणीवर असतो तो छोटा पोपट. पैठणीतली मुनिया सहसा समोर बघते. कुसाबाईची मुनिया मान वळवून मागं बघणारी होती. ती मान वळवायला धाग्यांचा वेगळा हिशेब लागतो, आणि कुसाबाईनं तो कुणाला शिकवलेला नव्हता. येवल्यात तशी मुनिया दुसऱ्या कुणाच्या मागावर नव्हती.

"दसऱ्याला आईचा टाक देवघरात बसवायचा हाय," केरू म्हणाला. "याच लुगड्याची जरतार जाळून चांदी काढतो. तिच्याच हाताच्या लुगड्याचा तिचा टाक. कसं?"

तुम्हाला टाक माहीत नसेल तर सांगतो. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं चांदीच्या पत्र्यावर मूर्ती उठवतात आणि देवांबरोबर पुजतात. केरूचा विचार वाईट नव्हता. सुवर्णालाही तो आवडला. पण ती म्हणाली, "आधी मला ती मुनिया मशीनमध्ये घेऊ दे. मग खुशाल ने."

"घे की. मग मागावर उतरवू. आईची मुनिया पुन्हा पदरावर बसली पाहिजे बघ."

सुवर्णाला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. लुगडं एका जुन्या गादीवर पसरून ती भिंगातून एकेक धागा मोजायची आणि माझ्या पडद्यावर एकेक चौकोन भरायची. आधी काठ झाला, मग वेल, मग मुनियेचे पाय. मोजणी मध्येच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे तिचा जीव सारखा टांगणीला असायचा आणि जिभेला धार यायची.

एक दिवस मोजता मोजता ती दूध बघायला आत गेली. लाईट गेलेली होती. भारत पाळी संपवून दारात आला, माझा बॅटरीचा दिवा लाल झालेला त्यानं पाहिला, आणि डबा खाली ठेवायच्या आत त्यानं मला नीट बंद केलं. काम ठेवायचं का, असं मी विचारलं. त्यानं 'हो' म्हटलं. सुवर्णा बाहेर आली तो माझा पडदा काळा.

"कुणी बंद केलं हे?"

"मी. लाल झालं होतं."

"मी कितव्या चौकोनावर होते माहितीये? आता कुठून मोजू मी? झाकण लावलं असतं तर तुमच्या बापाचं काय जाणार होतं?"

आतून तानुबाई आली. "काय तोंड सुटलंय गं! नवऱ्यानं हात लावला तर मशीन बाटलं का?"

"बाटलं!" सुवर्णा म्हणाली. "यांना नक्षीतलं काय कळतं? आयुष्यभर लोखंड कातलं. लोखंड कातायची अक्कल रेशमाला लावतात."

भारत काहीतरी बोलणार होता. मला दिसलं. तो म्हणणार होता, की अगं, सगळं ठेवूनच बंद केलंय मी, नेहमी ठेवतो. पण 'लोखंड' ऐकून त्याचा चेहरा बदलला. ते वाक्य त्यानं गिळलं.

"बरं," तो म्हणाला. "आजपासून तुझ्या मशीनला बोट लावलं तर नावाचा भारत नाही. झोपव, उठव, पाळण्यात घाल. तुझं तू बघ."

मित्रांनो, माणसानं रागात दिलेला शब्द पाळू नये. पण या बाबतीत भारत भलताच पक्का निघाला. त्या दिवसापासून त्यानं मला शिवलंही नाही. दोघांत अबोला पडला. एकाच खोलीत बसून ती म्हणायची, "आत्याबाई, त्यांना सांगा भाजी वाढलीय." आणि तो म्हणायचा, "आई, तिला सांग, भूक नाही." तानुबाई बिचारी निरोप पोचवून पोचवून थकली. बिचारी म्हटलं खरं, पण तीही दर निरोपाला आपलं थोडं तिखट लावून पुढं द्यायची.

सुवर्णा जिंकली होती. आता मला बंद करणारं कुणी उरलं नव्हतं. ती काम थांबवायची, झाकण मिटायची, मी झोपायचो. लाईट आली की वायर लावायची, मी झोपेतच बॅटरी भरून घ्यायचो; झोपेत ती तेवढ्यापुरती कशीबशी पुरायची. पावसाळा असाच गेला. पाय झाले होते, त्यावर पोट झालं, पंख झाले, आणि शेवटी ती वळलेली मान. मान भरायला तिला सगळ्यात जास्त दिवस लागले. हे सगळं नुसतं माझ्या डोक्यात होतं. ठेवलेलं काहीच नव्हतं. काम ठेवायचं का हे मी बंद होतानाच विचारतो, आणि बंद तर मी होतच नव्हतो.

गणपती गेले आणि केरू लुगडं न्यायला आला. "घेतलीस ना मशीनमध्ये?"

"घेतली. मानेसकट," सुवर्णा म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली होती. "वरचा थोडा वेल राहिलाय, तो मला तोंडपाठ आहे. ने तू."

तो लुगडं घेऊन एसटीनं गेला आणि त्याच आठवड्यात ते भट्टीत गेलं.

आता खंडेनवमीचा दिवस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते. भारत कारखान्यातली पूजा उरकून लवकर घरी आला होता. तानुबाईनं देवघरापुढं पाट मांडला. त्यावर भारतचा पाना, घरातली कात्री, विळी, सुवर्णानं माहेरून आणलेला मागाचा धोटा, आणि मी. मी रात्रीपासून झोपेत होतो. लाईट पहाटेच गेली होती. वायर काढूनच मला पाटावर ठेवलं. सुवर्णा स्वयंपाकघरात पुरण वाटत होती, आणि तानुबाईनं माझं झाकण उघडलं.

"देवापुढं तोंड झाकून बसतं का कुणी?"

मी जागा झालो. तानुबाईनं माझ्या कळांवर हळदकुंकू वाहिलं, चांगलं चिमूटभर. अक्षता टाकल्या. झेंडूची माळ पडद्यावरून सोडली. मला माझा स्वतःचा पडदा कधीच दिसत नाही. दिसतात ते समोरच्या माणसांचे डोळे. तानुबाईला जवळचं दिसत नव्हतं, ती देवाकडे बघत होती. भारत माझ्यासमोर हात जोडून उभा होता. आरती चालू होती, कुसाबाईची पुरी मुनिया त्याच्यापुढं उजळून बसली होती, आणि त्याचे डोळे माझ्या खालच्या कोपऱ्यात रुतले होते. तिथं बॅटरीचं चिन्ह असतं.

आरती संपायच्या आत मी ओरडलो. बॅटरी कमी झाली होती. ठरल्याप्रमाणे मी झोपायला लागलो.

"आई, हे बंद करावं लागेल," भारत म्हणाला. इतक्या महिन्यांत त्यानं पहिल्यांदा माझं नाव काढलं. "खंडेनवमीला हत्यार थंड पाहिजे. आमच्याकडं आज एक मशीन चालू नसतं. आणि हे तर आता असंच मरेल."

त्यानं मला पुन्हा उठवलं. तेवढ्यात सुवर्णा पुरणाच्या हातानं बाहेर आली.

"हात लावू नका!"

शेवटी ती त्याच्याशी थेट बोलली, आणि बोलली ती हे. तिनं झाकण मिटलं. मी झोपलो. भारतनं झाकण उघडलं. मी उठलो.

"अगं, संपत आलीय बॅटरी. नीट बंद करू दे. नीट बंद केलं तरच राहतं."

"बंद केलं की जातं! मागच्या वेळी माझी सगळी मोजणी घालवलीत." झाकण मिटलं.

"मोजणी गेली असेल. नक्षी गेली होती का?" झाकण उघडलं.

"आमच्याकडं खंडेनवमीला मागावर अर्धं लुगडं तसंच ठेवून पूजा करतात. सोडवत नाहीत, कापत नाहीत. लाईट येईपर्यंत झोपू द्या त्याला."

"पूजेला लावलेलं हलवू नका गं! नका रे!" तानुबाई दोघांच्या मध्ये हात घालत होती. माळ तुटली. झेंडू पाटावर सांडले.

कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, की झोपेतून उठायला मला सगळ्यात जास्त बॅटरी लागते. प्रत्येक उघडमिटीला माझ्यातलं थोडं थोडं संपत होतं. झोपू दिलं असतं तर कदाचित लाईट येईपर्यंत मी तग धरला असता. बंद करू दिलं असतं तर नक्कीच सगळं वाचलं असतं. दोघांपैकी कुणीही एक हरलं असतं तर चाललं असतं. पण हरायला कुणी तयार नव्हतं.

शेवटच्या वेळी भारतनं झाकण उघडलं आणि बंद करायची आज्ञा दिली. मी विचारलं, हे काम ठेवायचं आहे का? भारतचं बोट 'हो'कडे निघालं. कुंकवानं कळ अडकली होती. त्यानं पुन्हा दाबली. आणि सुवर्णानं दोन्ही हातांनी झाकण खाली आपटलं.

त्यानंतर मी झोपलो नाही आणि बंदही झालो नाही. माझ्यात काही उरलंच नव्हतं. मी गेलो.

लाईट दुपारी आली. सुवर्णानं हात धुऊन मला वायर लावली, कुंकू पुसलं, सुरू केलं. तिनं नक्षी उघडली. भारतनं उन्हाळ्यात ठेवलेली होती तीच समोर आली. काठ, वेल आणि मुनियेचे दोन पाय. त्यावर काहीच नव्हतं.

तिनं बंद केली, पुन्हा उघडली. परत परत उघडली. भारत मागं उभा होता. "ठेवली नव्हतीस?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"राहते ना ती," सुवर्णा म्हणाली. "नेहमी राहते."

तेव्हा भारतनं सांगितलं, की ती राहत नव्हती, तो ठेवायचा.  तिनं लगेच केरूला फोन लावला.

"केरू, आईचं लुगडं आहे का रे तुझ्याकडं?"

केरूचा आवाज मला खोलीत ऐकू येत होता. "ते कुठलं आता? कवाच दिलं भट्टीत. तूच म्हणालीस ना, घेतलंय म्हणून? ताई, टाक लय सुरेख झालाय गं. उद्या बसवतोय. येतीस ना?"

"येते," ती म्हणाली.

तुम्हाला उपदेश लागतो हे मला माहीत आहे. हवा असेल तर इथंच घ्या, कारण पुढं मी देणार नाही. यंत्राची काळजी घ्या, बॅटरी जपा, केलेलं काम वेळच्या वेळी ठेवा, असं मी म्हणायला हवं. म्हणतो. पण माझ्यासाठी म्हणत नाही. माझी काळजी त्या घरात दोघांनीही घेतली. मला वाचवायलाच ते भांडत होते. माझ्यावरून भांडताना माझ्यावर काय काढलंय ते एकदा तरी बघायचं होतं.

दसऱ्याला ते तिघंही येवल्याला जाऊन आले. अबोला सुटला होता, पण बोलणं काही परत आलं नव्हतं. दिवाळीनंतर सुवर्णानं मला पुन्हा समोर घेतलं. पायांवर पोट तिला आठवून काढता आलं. पंखही जमले. मान जमेना. एकेक चौकोन मोजताना तिनं चौकोनच बघितले होते, सबंध मान कधी डोळ्यांत भरून घेतली नव्हती. ती काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. केरूला फोन करून विचारायची. त्यालाही सांगता येईना. प्रत्येक वेळी मुनिया समोरच बघायला लागायची, बाजारातल्या कुठल्याही पदरावरच्या मुनियेसारखी.

एका संध्याकाळी भारत जेवून हात पुसत होता. सुवर्णानं मला उचललं आणि त्याच्याकडे वळवून ठेवलं.

"अहो," ती म्हणाली. "तुम्ही रोज इथंच जेवायला बसायचात. पूजेला तर अगदी समोर होतात. सांगा ना, मान कुठून वळली होती?"

भारत खाली बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं. या खेपेला त्याचे डोळे कोपऱ्यात गेले नाहीत. पडद्याच्या मधोमध, त्या बिनमानेच्या पाखरावर ते कितीतरी वेळ फिरत राहिले. त्याला आठवायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. 

"मी बॅटरी बघत होतो," तो म्हणाला.

 सुवर्णानं मला आपल्याकडे वळवून घेतलं. झाकण मिटलं नाही. भारत करायचा तशी, नीट, बंद करायची आज्ञा दिली. मी माझ्या सवयीनं विचारलं, हे काम ठेवायचं आहे का?

तिनं 'नाही' दाबलं.